गरिबाला परवडेल असे औषध : जॉन वेस्ली यांच्या जीवनाची एक बाजू

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील रक्तस्रावाने पीडित स्त्री आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या विश्वासाविषयी आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. परंतु मार्काने तिची जी ओळख करून दिली आहे तिच्यातील एक तपशील आपण बहुधा घाईने वाचून पुढे जातो. बारा वर्षे ती वैद्यांकडे खेपा घालीत होती, त्यात तिच्याजवळचा पैसा संपून गेला, आणि गुण तर आला नाहीच, उलट दुखणे वाढले. म्हणजे प्रभूच्या वस्त्राला स्पर्श करण्यास आलेली ती स्त्री केवळ आजारी नव्हती. आजारपणाने तिला निर्धन करून सोडले होते. शुभवर्तमानकाराला तिचा रोग जितका महत्त्वाचा वाटला तितकाच तिचा रिकामा झालेला बटवाही नोंद करण्याजोगा वाटला.

आजारपण आणि दारिद्र्य यांची ही जोडी फार जुनी आहे. दारिद्र्यामुळे माणूस आजारी पडतो, आणि आजारपणामुळे तो अधिक दरिद्री होतो. हे चक्र कोठेतरी तोडले पाहिजे असे ज्यांना मनापासून वाटले आणि ज्यांनी त्यासाठी वही, तराजू आणि खलबत्ता हाती घेतला, अशा देवाच्या सेवकांत जॉन वेस्ली यांचे नाव घ्यावे लागेल. सुवार्तिक, उपदेशक आणि मेथडिस्ट चळवळीचे जनक म्हणून ते जगाला ठाऊक आहेत. आपल्या देशात बरेली व लखनौपासून हैदराबाद, मुंबई व पुण्यापर्यंत त्यांच्या परंपरेतील मंडळ्या आहेत. मुंबईत हे कार्य इ.स. १८७१ मध्ये विल्यम टेलर आले तेव्हा सुरू झाले. परंतु गरिबाला परवडेल असे औषध मिळावे म्हणून वेस्ली यांनी केलेली धडपड आपल्या वाचनात क्वचितच येते. त्या धडपडीचा हा थोडक्यात वृत्तांत.

कर्जबाजारी पाळकाचे घर

जॉन वेस्ली यांचा जन्म इ.स. १७०३ च्या जून महिन्यात इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ या गावी झाला. वडील सॅम्युएल हे तेथील पाळक होते. ते विद्वान होते, कवी होते. पण मिळकत आणि खर्च यांचा मेळ त्यांना आयुष्यभर बसवता आला नाही. इ.स. १७०५ मध्ये कर्ज न फेडल्यामुळे त्यांना लिंकन येथील किल्ल्याच्या तुरुंगात काही महिने काढावे लागले. आई सुझाना हिला एकोणीस अपत्ये झाली. त्यांतील जवळजवळ निम्मी बालपणीच दगावली. इ.स. १७०९ च्या फेब्रुवारीत पाळकाचे राहते घर जळून खाक झाले आणि पाच वर्षांच्या जॉनला शेजाऱ्यांनी खिडकीतून कसेबसे बाहेर काढले. देवाने आपणांस आगीतून का वाचवले, हा प्रश्न त्यांच्या मनात पुढे सतत जागा राहिला, हे पुष्कळांना माहीत आहे. परंतु त्या घराने त्यांना आणखी एक गोष्ट शिकवली. प्रतिष्ठित माणसाच्या घरातही पैशाची चणचण असते आणि तिचा भार मुकाट्याने वाहावा लागतो, हे त्यांनी लहानपणीच पाहिले.

लंडनमधील चार्टरहाउस शाळेत व नंतर ऑक्सफर्ड येथे त्यांचे शिक्षण झाले. इ.स. १७२६ मध्ये लिंकन कॉलेजचे फेलो म्हणून त्यांची निवड झाली आणि नियमित उत्पन्न सुरू झाले. याच ऑक्सफर्डच्या दिवसांतील एक प्रसंग त्यांनी पुढे आपल्या एका उपदेशात सांगितला आहे. कडाक्याच्या थंडीत एक गरीब मुलगी त्यांच्याकडे आली. तिच्या अंगावर एकच पातळ तागाचे वस्त्र होते. तिला काही द्यावे म्हणून त्यांनी खिशात हात घातला, तर हाताला फारसे काही लागले नाही. खोलीच्या भिंती सजविण्यासाठी चित्रे विकत घेण्यात पैसे खर्च झाले होते. ती चित्रे या मुलीच्या रक्ताने रंगलेली आहेत असे त्यांना वाटले आणि ते अंतर्यामी हादरले.

तेव्हापासून त्यांनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. वर्षाला तीस पौंड मिळत तेव्हा अठ्ठावीस पौंडांत निर्वाह करून ते दोन पौंड दानधर्म करीत. पुढील वर्षी मिळकत साठ पौंड झाली. तरी निर्वाह अठ्ठावीसमध्येच, आणि बत्तीस पौंड गरिबांना. मिळकत नव्वद झाली, एकशे वीस झाली. निर्वाहाचा आकडा मात्र जागचा हलला नाही. पुढे ग्रंथविक्रीतून त्यांना बरेच द्रव्य मिळू लागले, तेही असेच वाटले गेले. उत्पन्न वाढले म्हणजे गरजा वाढल्याच पाहिजेत, हा जगाचा नियम त्यांनी मानला नाही.

इ.स. १७३५ मध्ये ते अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत मिशनरी म्हणून जाण्यास निघाले. तेथे सर्वांना वैद्य मिळत नसेल, आपला काही उपयोग व्हावा, या विचाराने त्यांनी काही महिने वैद्यकशास्त्राचा नेटाने अभ्यास केला. शरीररचना व औषधोपचार यांवरील ग्रंथ वाचण्याची आवड त्यांना त्यापूर्वीपासूनच होती. जॉर्जियातील कार्य फारसे यशस्वी झाले नाही. इ.स. १७३८ मध्ये ते परत आले, आणि त्याच वर्षी २४ मे रोजी लंडनमधील आल्डर्सगेट मार्गावरील एका सभेत त्यांना तारणाची खात्री लाभली. पुढील वर्षी ब्रिस्टलजवळ खाणमजुरांपुढे त्यांनी उघड्यावर उपदेश करण्यास प्रारंभ केला. लंडनमध्ये तोफा ओतण्याचा एक पडीक कारखाना विकत घेऊन तेथे उपासनेची जागा केली. हीच पुढे फाउंडरी या नावाने प्रसिद्धीस आली.

वैद्याची गिनी आणि मजुराची मजुरी

वेस्ली यांच्या सभांना येणारे लोक कोण होते? विणकर, खाणमजूर, हमाल, मोलकरणी, विधवा. त्यांच्यापैकी कोणी आजारी पडला तर काय होई, हे समजण्यासाठी त्या काळची वैद्यकीय व्यवस्था थोडी पाहिली पाहिजे.

सर्वांत वरच्या पायरीवर विद्यापीठाची पदवी घेतलेले वैद्य असत. त्यांची एका भेटीची रूढ फी एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. लंडनमधील साध्या मजुराची आठवड्याची कमाई साधारणपणे दहा शिलिंगांच्या आसपास. म्हणजे वैद्याने एकदा नाडी पाहिली की मजुराची दोन आठवड्यांची कमाई संपली, आणि औषधाचा खर्च निराळाच. दुसऱ्या पायरीवर शस्त्रवैद्य, आणि तिसऱ्या पायरीवर औषधे कुटून, मिसळून विकणारे औषधविक्रेते. इ.स. १७०४ च्या एका न्यायनिवाड्यानंतर या औषधविक्रेत्यांना रोग्यास सल्ला देण्याची मोकळीक मिळाली. पण त्यांना मोबदला मिळे तो सल्ल्याचा नव्हे, तर विकलेल्या औषधाचा. त्यामुळे जितकी औषधे अधिक तितका लाभ अधिक, असा सरळ हिशेब झाला. एकेका औषधात अनेक घटक घालण्याची पद्धत होती, आणि चिठ्ठी लॅटिनमध्ये लिहिली जाई. आपण काय घेतो आहोत आणि कशाचे पैसे देतो आहोत, हे रोग्याला कळण्याचा मार्गच नव्हता.

याच सुमारास लंडनमध्ये धर्मादाय रुग्णालये उभी राहत होती, ही मोठी चांगली गोष्ट होती. परंतु त्यांत प्रवेश मिळण्यासाठी बहुधा एखाद्या वर्गणीदाराचे शिफारसपत्र लागे. ज्याची कोणा प्रतिष्ठिताशी ओळख नाही त्याने काय करावे?

वेस्ली यांनी आरंभ केला तो एका पेनीपासून. एक शिलिंग म्हणजे बारा पेनी. इ.स. १७४१ च्या मे महिन्यात त्यांनी लंडनमधील आपल्या मंडळीपुढे वस्तुस्थिती ठेवली. आपल्यापैकी कित्येकांना पोटभर अन्न नाही, कित्येकांना अंगभर वस्त्र नाही, काहींचा धंदा त्यांचा दोष नसता बुडाला आहे, आणि काही रोगाने मरणोन्मुख आहेत, असे त्यांनी सांगितले. ज्यांना शक्य आहे त्यांनी दर आठवड्याला एक पेनी द्यावी व वापरात नसलेले कपडे आणावेत, असे ठरले. आजाऱ्यांच्या समाचारास जाण्यासाठी बारा जणांची नेमणूक झाली. हे काम पुढे इतके वाढले की लंडनचे तेवीस भाग पाडून प्रत्येक भागात दोघांनी आठवड्यातून तीनदा आजाऱ्यांना भेटावे, अशी व्यवस्था करण्यात आली.

या भेटकऱ्यांना घालून दिलेले नियम आजही मननीय आहेत. आजाऱ्याच्या आत्म्याची विचारपूस मोकळेपणाने करावी. बोलणे सौम्य, प्रेमळ व सोशिक असावे. जे काही करावे ते स्वच्छतेने करावे. आणि घाणीला किंवा दुर्गंधीला नाक मुरडू नये. त्याचबरोबर त्याच्यासाठी वैद्याचा सल्ला मिळवावा, नड असेल तर मदत करावी, आणि दर आठवड्याला खर्चाचा हिशेब कारभाऱ्यांकडे द्यावा. प्रार्थना आणि हिशेब यांत वेस्ली यांना काही विरोध दिसला नाही. गरिबांच्या पेनींचा चोख हिशेब हीसुद्धा त्यांच्या दृष्टीने सेवाच होती.

एक धाडसी उपाय

इतके करूनही वेस्ली यांचे समाधान झाले नाही. आजारी गरिबांवर खर्च पुष्कळ होत होता आणि गुण मात्र थोडा येत होता. त्यांनी काहींना रुग्णालयांत पाठवून पाहिले. खर्च कमी झाला, पण लाभ तेवढाच. काही वैद्यांचा सल्ला घेतला; तोही निष्फळ ठरला. डोळ्यांदेखत माणसे झिजत होती आणि कुटुंबे धुळीला मिळत होती. शेवटी, आपणच औषधे तयार करून का देऊ नयेत, असा धाडसी विचार त्यांच्या मनात आला.

त्यांनी साहाय्याला एक औषधे जाणणारा मनुष्य आणि एक अनुभवी शस्त्रवैद्य घेतला. आपल्या ज्ञानाच्या मर्यादेपलीकडे जायचे नाही, आणि अवघड व गुंतागुंतीची दुखणी रोगी निवडील त्या वैद्याकडे सोपवायची, असा निर्बंध त्यांनी स्वतःवर घालून घेतला. इ.स. १७४६ च्या डिसेंबरात त्यांनी मंडळीला हा बेत कळवला. दुसऱ्याच दिवशी तीसएक रोगी आले. तीन आठवड्यांत त्यांची संख्या तीनशेच्या घरात गेली. पहिल्या रोग्यांत एक वृद्ध विणकर होता. अकराव्या वर्षी जडलेला खोकला त्याने एकाहत्तराव्या वर्षापर्यंत सोसला होता. वेस्ली यांनी दिलेल्या औषधाने दोन-तीन दिवस तो फार खोकला, आणि मग खोकला थांबला.

पाच महिन्यांच्या अखेरीस वेस्ली यांनी हिशेब मांडला. पाचशेहून अधिक लोकांना औषध दिले गेले होते. त्यांपैकी एकाहत्तर जण बऱ्याच काळच्या, असाध्य मानलेल्या दुखण्यांतून पूर्ण बरे झाले होते. चारांपैकी तिघे पथ्य पाळीत नाहीत, ही तक्रारही त्यांनी नोंदवून ठेवली आहे. आजच्या डॉक्टरांनाही ती ओळखीची वाटेल. औषधांचा एकूण खर्च जवळजवळ चाळीस पौंड झाला होता. भागाकार करून पाहिला तर माणशी वीस पेनींहूनही कमी. वैद्याच्या एका गिनीत दोनशे बावन्न पेनी होत, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. आणि हे रोगी सर्वच मेथडिस्ट नव्हते. आलेला मनुष्य आपल्या मंडळीचा आहे की नाही, याचा त्यांनी विचारच केला नाही.

लंडनपाठोपाठ ब्रिस्टल येथेही असा दवाखाना सुरू झाला. पण ही कथा येथे विजयाने संपत नाही. लंडनचा दवाखाना काही वर्षे चालला. रोग्यांची संख्या वाढत गेली, तसा खर्चही वाढत गेला, आणि शेवटी तो भार मंडळीला झेपेनासा झाला. दवाखाना बंद करावा लागला. वेस्ली यांनी हे अपयश लपविले नाही. आपल्या दैनंदिनीत कारणासह लिहून ठेवले. धर्मादाय कार्य चालविणाऱ्या प्रत्येकाला हे ओळखीचे वाटेल. सद्भावना असते, श्रम असतात, गरजवंतांची रांगही असते. फक्त पैसा पुरत नाही.

शिलिंगाचे कर्ज, विधवांचे घर

आजारपणात औषधाइतकाच घातक असतो तो सावकार. घरातील कर्ता मनुष्य दोन आठवडे अंथरुणाला खिळला की हत्यारे गहाण पडत, आणि बरा झाल्यावर काम करण्यास हत्यार नसे. हे ओळखून वेस्ली यांनी इ.स. १७४६ मध्येच एक बिनव्याजी कर्जनिधी उभारला. आरंभी तीस पौंड सोळा शिलिंग जमले. एका वेळी वीस शिलिंगांपर्यंत कर्ज मिळे, आणि ते दर आठवड्याला थोडे थोडे करून तीन महिन्यांत फेडायचे असे. अठरा महिन्यांत एवढ्याशा भांडवलातून दोनशे पंचावन्न जणांची अडचण निवारली गेली. तेच शिलिंग पुन्हा पुन्हा फिरत राहिले. दान घेताना ज्यांची मान खाली जाई, त्यांना या कर्जाने ताठ मानेने उभे केले.

फाउंडरीजवळ दोन लहान घरे भाड्याने घेऊन त्यांनी वृद्ध व दुर्बल विधवांची सोय केली. तेथे नऊ विधवा, एक अंध स्त्री आणि दोन अनाथप्राय मुले राहत. वेस्ली स्वतः व त्यांचे सहकारी उपदेशक लंडनमध्ये असत तेव्हा त्याच मेजावर, त्यांच्याबरोबर, तेच अन्न घेत.

सर्वांना वाचता येईल असे पुस्तक

दवाखान्याला पैसा लागतो. पुस्तक मात्र एकदा छापले की दूरवर जाते. इ.स. १७४५ मध्ये वेस्ली यांनी गरिबांसाठी काही उपचारांचा लहानसा संग्रह प्रसिद्ध केला होता. तो वाढवून इ.स. १७४७ मध्ये त्यांनी ‘प्रिमिटिव्ह फिजिक’ हे पुस्तक काढले. त्यांच्या हयातीत त्याच्या तेवीस आवृत्त्या निघाल्या.

पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी एक मर्मभेदी गोष्ट मांडली आहे. वैद्यकाचे ज्ञान पूर्वी बापाकडून मुलाकडे, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जात असे. पुढे ते अवघड शब्दांत गुंडाळले गेले आणि सामान्यांच्या हातून निसटले. वैद्यकाचे ग्रंथ गरिबाला घेता येणार नाहीत इतके महाग आणि साध्या माणसाला कळणार नाहीत इतके कठीण झाले. त्यांची धडपड होती ती स्वस्त, निर्धोक आणि सोपी औषधे सांगण्याची. ओळखण्यास सोपी, मिळविण्यास सोपी आणि अशिक्षितालाही वापरता येतील अशी. पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्याला यात आपल्याच कामाची ओळख पटते. ज्ञान परक्या भाषेत कोंडलेले असले की त्याच्या किल्ल्या मोजक्यांच्या हाती राहतात, आणि किल्लीचे भाडे गरिबाला भरावे लागते. शुभवर्तमान सामान्यांच्या भाषेत आले पाहिजे, तसे औषधही सामान्यांच्या भाषेत आले पाहिजे, हे वेस्ली यांनी कृतीने दाखवले.

एकेका दुखण्यावर त्यांनी अनेक उपाय दिले, कारण प्रत्येक ठिकाणी प्रत्येक वस्तू मिळत नाही आणि एकाला लागू पडणारे औषध दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. अनेक घटकांच्या महागड्या मिश्रणांपेक्षा एकच साधे द्रव्य बरे, असा त्यांचा आग्रह होता. इ.स. १७६० च्या सुमारास, जे उपाय स्वतः अनुभवले होते त्यांच्यापुढे तशी खूण घालण्यास त्यांनी प्रारंभ केला. साधा आहार, पाणी, व्यायाम, स्वच्छता, वेळेवर झोप, या बिनखर्चाच्या गोष्टींवर त्यांचा विशेष भर होता. आणि या सर्वांबरोबर प्रार्थनेचे जुने औषध विसरू नये, असेही त्यांनी बजावले.

या पुस्तकात दोष नव्हते असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. त्यातील काही उपचार आज वाचताना हसू येते. पोटशूळावर जिवंत कुत्र्याचे पिलू पोटाशी धरावे, हा त्यांतलाच एक. अफू, पारा, लोह यांच्याबरोबर त्यांनी सिंकोनाची सालही धोकादायक म्हणून टाळण्यास सांगितले. हिवतापावर त्याच सालीचा खरा गुण होता. एका आवृत्तीत विषबाधेवरील उपायाच्या प्रमाणात ग्रेनऐवजी ड्रॅम असे छापले गेले. एक ड्रॅम म्हणजे साठ ग्रेन; चूक प्राणघातक ठरली असती. ती निदर्शनास येताच सुधारण्यात आली. इ.स. १७७६ मध्ये विल्यम हॉज या डॉक्टरांनी या पुस्तकावर कठोर टीका करणारा ग्रंथ लिहिला, आणि त्यांच्या काही आक्षेपांत तथ्य होते. यावरून आपण बोध घ्यावा तो हा, की प्रेमाला ज्ञानाची जोड लागते. वेस्ली यांनी हे तत्त्वतः मान्य केले होतेच. अवघड दुखण्यात विनाविलंब देवभीरू वैद्याकडे जावे, असे ते सांगत.

नव्या शोधांकडेही त्यांनी पाठ फिरवली नाही. बेंजामिन फ्रँकलिन यांच्या विद्युत्प्रयोगांविषयी वाचून त्यांनी इ.स. १७५६ मध्ये विजेचे यंत्र मिळविले आणि लंडनमध्ये चार ठिकाणी गरिबांवर त्याचे विनामूल्य उपचार सुरू केले. या उपचारावर त्यांनी ठेवलेला भरवसा पुढील विज्ञानाने सर्वस्वी उचलून धरला नाही. पण त्यामागील दृष्टी पाहण्याजोगी आहे. नवे साधन निघाले की ते आधी श्रीमंतांकडे जाते; वेस्ली यांनी ते आधी गरिबांच्या वस्तीत नेले.

तळघरांत आणि माळ्यांवर

गरीब लोक आळशी असतात म्हणून गरीब राहतात, असे त्या काळीही सुखवस्तू लोक सहज बोलून जात. इ.स. १७५३ च्या फेब्रुवारीत वेस्ली लंडनमधील आजाऱ्यांना भेटत फिरले. कोणी जमिनीखालच्या खोल्यांत, तर कोणी माळ्यांवर थंडीने आणि उपासमारीने अर्धमेले पडले होते. परंतु खोलीत सरपटत फिरण्याइतकी शक्ती असलेला एकही मनुष्य त्यांना रिकामा बसलेला आढळला नाही. तेव्हा तो प्रवाद धडधडीत खोटा आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला. हा निर्वाळा घरबसल्या दिलेला नव्हता. तळघरांच्या पायऱ्या उतरून दिलेला होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस ते स्वतः क्षयासारख्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. आपला अंत जवळ आला असे समजून त्यांनी स्वतःच्या थडग्यावरचा लेखही लिहून ठेवला. सर्व देणी फेडल्यावर आपल्या मागे दहा पौंडही उरणार नाहीत, याचा उल्लेख त्यात होता. देवकृपेने ते बरे झाले आणि आणखी सदतीस वर्षे राबले.

आणखी एक आठवण इ.स. १७५९ मधील आहे. एका गरीब स्त्रीला पोटात सतत वेदना होत. तिला औषधामागून औषध दिले गेले, पण गुण येईना. तिचा मुलगा मरण पावला होता आणि त्या दुःखाने ती आतून पोखरली गेली होती. तिला कोणी विचारलेच नव्हते. दुःख तसेच असता औषधाचा काय उपयोग, असे वेस्ली यांनी लिहिले. विचारपूस करण्यास पैसा लागत नाही, पण वेळ लागतो. आणि तो न दिल्यामुळे त्या स्त्रीचा औषधांवरील खर्च व्यर्थ गेला होता.

इ.स. १७७६ मध्ये सरकारी करखात्याने त्यांच्याकडे चांदीच्या भांड्यांची विचारणा केली. आपल्याजवळ लंडनला दोन व ब्रिस्टलला दोन चांदीचे चमचे आहेत, आणि अवतीभोवती इतके लोक भाकरीला मोताद असता आपण आणखी घेणार नाही, असे त्यांनी कळविले. इ.स. १७८५ च्या जानेवारीत, वयाच्या ८१ व्या वर्षी, घोट्यापर्यंतच्या वितळत्या बर्फातून पाच दिवस लंडनमध्ये पायी फिरून त्यांनी गरिबांच्या कपड्यांसाठी दोनशे पौंड मागून आणले. त्याच दशकात त्यांच्या अनुयायांनी, मंडळीबाहेरच्या निराधार, आजारी व परक्या लोकांसाठी ‘स्ट्रेंजर्स फ्रेंड’ या नावाच्या संस्था सुरू केल्या. वेस्ली यांचा त्यांना मनःपूर्वक पाठिंबा होता.

२ मार्च १७९१ रोजी लंडनमधील सिटी रोडवरील घरी, वयाच्या ८७ व्या वर्षी, ते प्रभूकडे गेले. शववाहिनी नको, गाड्यांचा थाट नको. सहा गरीब माणसांनी आपली शवपेटी वाहावी आणि त्या प्रत्येकाला वीस शिलिंग द्यावेत, अशी त्यांची इच्छा होती. आपल्या अंत्ययात्रेचा खर्चदेखील गरिबाच्या घरी जावा, अशी तजवीज त्यांनी करून ठेवली होती.

आपल्यासाठी

वाचकहो, वेस्ली यांचे काढे आणि लेप आज कोणी वापरावेत असे नाही. आज ज्ञान पुढे गेले आहे, आणि औषध देणे हे जाणकारांचेच काम आहे. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न जुना झालेला नाही. जे औषध अस्तित्वात आहे पण विकत घेता येत नाही, त्याचा गरिबाला काय उपयोग? मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेऊन महिना ढकलणारी विधवा, निवृत्त शिक्षक, रोजंदारीवरील मजूर आपल्या मंडळीतही उपासनेला येत असतात. ते आपली अडचण बोलून दाखवीत नाहीत, आणि आपण विचारीत नाही.

आपल्या मंडळ्यांत परिचारिका आहेत, फार्मासिस्ट आहेत, डॉक्टर आहेत. त्याच औषधी द्रव्याची जेनेरिक गोळी स्वस्तात मिळते का, हे डॉक्टरांना विचारण्यास कोणी सोबत गेले, शासकीय योजनेचा अर्ज भरण्यास कोणी हात दिला, चिठ्ठीवरील मजकूर मराठीत समजावून सांगितला, आणि दर रविवारच्या अर्पणातून थोडा भाग आजारनिधीसाठी बाजूला ठेवून त्याचा हिशेब मंडळीपुढे मांडला, तर वेस्ली यांच्या एका पेनीचे काम आजही होईल. निधी कधी अपुरा पडेल. तो वेस्ली यांचाही पडला. पण एक मार्ग बंद झाला तेव्हा त्यांनी दुसरा शोधला, आणि आजाऱ्याकडे पाठ फिरवली नाही.

चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला सांगताना प्रभूने जखमा बांधण्यापाशीच कथा संपविली नाही. त्या माणसाने उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार दिले, आणि याहून अधिक खर्च झाला तर परत आल्यावर तोही देईन, असा शब्द दिला. तेल आणि द्राक्षारस यांच्याबरोबर प्रभूने बिलाचीही आठवण ठेवली. दयेला आपल्या खिशापर्यंत पोहोचू द्यावे, एवढेच आपल्याकडून मागितलेले आहे.